आमच्या चहाच्या जागेवर बंदी

आमची खाडी वाचवायला जी संस्था निघाली, तिच्यात सुरुवातीला तीन माणसं होती आणि तिघांपैकी एकाच्याही पायाला खाडीचा चिखल लागलेला नव्हता.

अध्यक्ष म्हणजे बोटीवरचे निवृत्त कप्तान. मालाच्या मोठमोठ्या बोटी घेऊन जगभर फिरले आणि म्हातारपणी सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर, घर बांधून राहिले. तिथून सगळी खाडी ताटात वाढल्यासारखी दिसते. सेक्रेटरी बँकेचे निवृत्त मॅनेजर. त्यांची नोकरी बहुतेक देवरूखकडे झाली, समुद्रापासून चांगली लांब. त्यात ते शाकाहारी. त्यांच्या जोडीला दातांची एक डॉक्टर, तिचा दवाखाना रत्नागिरीत. तुम्ही ह्यात कशा, असं मी तिला पुढे एकदा विचारलं. म्हणाली, दिवसभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळा येतो, सुट्टीच्या दिवशी जरा लांबचं बघावंसं वाटतं. मला हे उत्तर पटलं. बाकी दोघांनी कारण सांगताना भाषण केलं होतं.

मी चौथी पास. लग्न होऊन ह्या वाडीत आले तेव्हापासून तिसऱ्या काढते. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या वाळू-चिखलात रुतून राहणारे शिंपले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा भरती जशी वर चढते तशी सुकती, म्हणजे ओहोटीही, लांब जाते. पहाटे पाणी पार आत गेलं की आम्ही आठ-नऊ जणी काष्टा घालून उतरतो. गुडघाभर, कधी कमरेभर पाण्यात पायाच्या अंगठ्याने चाचपायचं, लागलं की हाताने काढायचं, पाटीत टाकायचं. पाणी फिरलं की काठाला यायचं. काठावर एक उंचवटा आहे. तिथे पाट्या ओतून निवडायचं, मेलेले शिंपले बाजूला फेकायचे, थर्मासमधला चहा प्यायचा, सुनांना नावं ठेवायची आणि घरी जायचं.

संस्थेचं पहिलं काम म्हणजे तिसऱ्यांची एक जागा राखीव करायची. वर्षभर तिथे कोणी काढायचं नाही, म्हणजे पैदास वाढेल. विचार चांगला होता. आता जागा कुठली, हे कोणी ठरवायचं? कप्तानांनी ठरवलं. त्यांच्याकडे दुर्बीण होती. त्यांनी सहा महिने रोज सड्यावरून खाडीकडे बघितलं, बायका कुठे जास्त वेळ थांबतात ते वहीत मांडलं, नकाशा काढला आणि त्यावर लाल रेघेने चौकोन आखला. मग एका रविवारी, डॉक्टरला सुट्टी म्हणून, तिघं खाली आली. बरोबर चार बांबू, दोरी आणि एक पत्र्याचा बोर्ड. त्या दिवशी होती अष्टमी. अष्टमीला भांग. भांगाचं पाणी धड वर येत नाही की धड लांब जात नाही, म्हणून आम्ही त्या दिवसांत खाडीकडे फिरकतही नाही. त्यांनी सुकती गाठली अकराची, पाणी जेमतेम मागे सरलेलं. आमच्या उंचवट्यावर मेलेल्या शिंपल्यांचा ढीग बघितला आणि त्यांची खात्रीच पटली. चार बाजूंना चार बांबू रोवले, दोरी बांधली, मध्ये बोर्ड ठोकला.

पुढच्या उधाणाला आम्ही पहाटे गेलो तर आमच्या चहाच्या जागेवर बंदी.

माझी धाकटी जाऊ हेदवीकडची. तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नाही. ती बोर्डासमोर उभी राहून अक्षर लावत लावत सगळं वाचून गेली आणि मग हसत हसत चिखलात बसली. सगळ्या जणी इतक्या हसल्या की त्या दिवशी निम्मी सुकती वाया गेली.

पुढच्या आठवड्यात मॅनेजर साहेब सह्या घ्यायला वाडीत आले. खातं उघडताना घेतात तशा, दोन-दोन प्रतींवर, शाईचा पॅड सोबत. राखीव जागेत आम्ही काही काढणार नाही, असं त्यावर लिहिलेलं. जावेने चेहरा सरळ ठेवून विचारलं, "साहेब, तिथे नुसतं बसलं तर चालेल ना?"

"बसायला काही हरकत नाही मावशी. फक्त काढायचं काही नाही."

"नाय काढणार. देवाशप्पथ."

सगळ्यांनी पदर तोंडाला लावले. साहेबांना वाटलं, बायका लाजतायत. एकीनेही नकार दिला नाही. रत्नागिरी तालुक्यात इतकं सहकार्य कुठल्याही गावाने केलं नसेल, असं ते जाताना म्हणाले. मीही सही केली. मी हसलेही. ते मी लपवत नाही.

माझी सही वाचता येण्यासारखी होती म्हणून की काय, मला संस्थेत घ्यायचं त्यांनी ठरवलं. खाडीवरची एक बाई हवीच होती. मॅनेजर साहेब फॉर्म घेऊन पुन्हा आले. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी न विचारता गृहिणी असं लिहिलं.

मी म्हटलं, हे काय लिहिलंत?

ते म्हणाले, त्यांची बायकोही तेच लिहिते.

"ती पहाटे कमरेभर पाण्यात उभी राहते?"

साहेबांनी खोडलं आणि तिसऱ्या काढणे व विकणे असं लिहिलं. शिक्षणाच्या रकान्यात प्राथमिक शिक्षण लिहू या, जरा बरं दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. चौथी म्हणजे चौथी, मी सांगितलं. कप्तान पहिल्या भेटीत मला आजी म्हणाले. वय विचारलं तर ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे निघाले. त्यानंतर ते मला बाई म्हणायला लागले.

अशी मी त्यांच्यात जाऊन बसले, आणि पोटात ते गुपित. वाडीत मला सगळ्यांनी बजावलं होतं, गप राहायचं. मलाही गप राहण्यात अडचण वाटत नव्हती. पण त्याच हिवाळ्यात एका पहाटे मी पाटी निवडायला घेतली आणि बघितलं तर तिसऱ्या नखाएवढ्या. लहान मी पूर्वीही बघितल्या होत्या, पण सुपारीएवढीसुद्धा एक नाही, अशी पाटी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. घरी शिजवल्या तर आमटीत शिंपलेच शिंपले, खायला काही नाही. जाऊ म्हणाली, यंदा थंडी उशिरा पडली म्हणून. तिलाही ते खरं वाटत नव्हतं.

पौषात संस्थेने एक पुस्तिका छापायला घेतली. संस्था चालवणारी माणसं कोण, काय शिकली, कुठे काम केलं आणि त्या कामाचा खाडीला काय उपयोग, अशी माहिती त्यात द्यायची होती. आम्ही रविवारी डॉक्टरच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत जमलो. भिंतीवर किडलेल्या दातांची चित्रं. मॅनेजर साहेब लिहून घेत होते. स्वतःबद्दल त्यांनी सांगितलं की शिस्त आणि कागदपत्रं हा त्यांचा पिंड. डॉक्टर म्हणाली, लोक दुखायला लागल्याशिवाय येत नाहीत आणि तोवर उशीर झालेला असतो, समुद्राचंही तसंच. ते साहेबांनी कौतुकाने लिहून घेतलं.

मग कप्तान बोलायला लागले. त्यांनी सांगितलं की कितीही मोठा कप्तान असला तरी परक्या बंदरात तो स्वतःच्या अकलेने शिरत नाही. बंदरातून एक माणूस छोट्या बोटीने येऊन वर चढतो, त्याला पायलट म्हणतात. विमानातला नव्हे, पाण्यातला. तिथलाच माणूस, तिथला गाळ आणि प्रवाह त्याला पाठ. कप्तान त्याच्या म्हणण्याप्रमाणे बोट आत घेतो. तरुणपणी एकदा ह्यांना घाई होती, पायलटला उशीर झाला, हे नकाशा बघून थोडे पुढे शिरले आणि बोट गाळात बसली. दोन भरत्या जाईपर्यंत हलली नाही. वरून चौकशी झाली ती वेगळीच.

"तेव्हापासून मी एक शिकलो," कप्तान म्हणाले. "नकाशा कितीही चांगला असो, तिथल्या माणसाला आधी विचारायचं."

मी म्हटलं, "मग इथे का नाही विचारलंत?"

मला आता मागे येता येत नव्हतं. मी सांगितलं की लाल चौकोन आखलाय तिथे तिसरी जन्मात कधी झालेली नाही. तिथे आम्ही बसतो. शिंपल्यांचा ढीग आमचाच. खरी जागा तिथून पुष्कळ खाली आहे, ती उधाणाच्या सुकतीला पहाटे तासभर उघडी पडते आणि सूर्य वर आला की पाण्याखाली जाते.

कप्तानांनी हळूच विचारलं, तुम्ही किती वाजता असता तिथे? मी म्हटलं, साडेपाच-सहाला. ते कपाळाला हात लावून बसले. पस्तीस वर्षं पहाटेच्या पाळ्या केल्या म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी साडेसातशिवाय उठायचं नाही असं ठरवलेलं. ते गॅलरीत दुर्बीण घेऊन यायचे तेव्हा आम्ही कधीच काठावर येऊन बसलेल्या असायचो.

"म्हणजे मी सहा महिने..."

"आम्हाला चहा पिताना बघितलंत."

डॉक्टर आधी हसली, मग कप्तान. डोळे पुसावे लागले इतके हसले. मॅनेजर साहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, पण सह्या झाल्यात. त्यावर पुन्हा दोघं हसली.

हसणं थांबल्यावर डॉक्टरने मला विचारलं, "काकू, इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर खरी जागा बंद झाली असती."

"मग आज का सांगताय?"

मी त्यांना नखाएवढ्या तिसऱ्यांचं सांगितलं. अजून दोन-तीन वर्षं गप राहिले तर बंद करायला काही उरणारच नाही, असंही सांगितलं.

अमावास्येनंतरच्या द्वितीयेला मी त्यांना पहाटे खाली नेलं. डॉक्टर रबरी बूट घालून आली. दहा पावलांत बूट चिखलात राहिले आणि ती पुढे गेली. मॅनेजर साहेबांनी पँट वर दुमडली होती, पण फाईल काखेत होती. कप्तान अनवाणी आले, ते शहाणपणाचं. साहेब मध्येच थांबून म्हणाले, पायाला काहीतरी लागलं. मी वाकून काढून त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, हे तुम्ही वाचवताय. त्यांनी ती तिसरी उलटसुलट करून बघितली आणि परत पाण्यात इतक्या हळू ठेवली की मला हसू आलं.

हे सगळं आमच्या बायका लांबून बघत होत्या. काठावर आल्यावर जाऊ मला म्हणाली, "वैनी, तू त्यांना दाखवलंस."

"दाखवलं."

"त्यांच्यातली झालीस तू."

मी तिला पाटी दाखवली, तिसऱ्यांचा आकार दाखवला. तिने तिकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती हाक मारायला आली नाही. माझं घर वाडीच्या टोकाला, त्या सगळ्या माझ्या दारावरून खाली जातात. मी पाटी घेऊन ओटीवर उभी होते आणि त्या समोरून गेल्या. मी मागून एकटी गेले. लग्न झाल्यापासून त्या वाटेने मी कधी एकटी गेले नव्हते. रडायचा माझा स्वभाव नाही, पण पाय सरकला तर हात द्यायला कोणी नाही, हे ह्या वयात बरं नसतं. दोन उधाणं अशीच गेली.

शेवटी मीच तिच्या चुलीपाशी जाऊन बसले. म्हटलं, काय ते बोल. ती बोलली. आपण सोडलं तर खाडीच्या पलीकडचे होडी घालून सगळं खरवडून नेतील, मग उपाशी कोण? आणि मे महिन्यात मुंबईची माणसं येतात, तिसऱ्या मागतात, तीच तर खरी विक्री. तुझ्या कप्तानांचं पेन्शन चालू आहे, आपलं काय? तिचं म्हणणं खरं होतं. तसं मी तिला सांगितलंही.

तिचं बोलणं मी जसंच्या तसं संस्थेत सांगितलं. शिव्या तेवढ्या गाळल्या. कप्तान म्हणाले, पलीकडच्या होडीवर नजर मी ठेवतो, पुन्हा पहाटेची पाळी लावून घेतो. मग ते तिघं जावेच्या घरी आले. खुर्ची आणायला सांगितलेली, पण कप्तान जमिनीवरच बसले. गुडघ्यांनी त्यांना नंतर उठू दिलं नाही, तो भाग वेगळा. जावेने अटी घातल्या. सगळी जागा नाही, अर्धी सोडू. अर्धी कुठली ते आम्ही ठरवणार. शिमग्यापासून कोजागिरीपर्यंत, पुढे एक दिवस नाही. आणि तो बोर्ड आमच्या बसायच्या जागेवरून उचलायचा. कप्तानांनी सगळं मान्य केलं. मॅनेजर साहेबांनी पिशवीतून कागद काढले.

"सह्या नकोत," जाऊ म्हणाली. "मागच्या सह्यांचं काय झालं ते बघितलंत ना? शिमग्यात पालखी दारात येईल, तेव्हा पालखीसमोर सांगू. मग मोडायची कोणाची हिंमत होणार नाय."

साहेबांनी कागद परत पिशवीत घातले. तिची शेवटची अट माझ्यासाठी होती. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "कोजागिरीनंतर तिथे काही निघालं नाय, तर वैनी, ह्या वाटेने तू आमच्यात यायचं नाय."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शिमग्यात देवीची पालखी दारात आली. ओट्या भरल्या, नारळ ठेवला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. तिसऱ्यांच्या जागेची वरची अर्धी बाजू कोजागिरीपर्यंत सोडली, हेही त्यात आलं. त्या दिवसापासून आमच्यातली एकही तिकडे वळली नाही. हद्द दाखवायला जावेने पाण्यात तीन मोठे दगड टाकवले होते. मे महिन्यात मुंबईची माणसं आली आणि तिसऱ्या कमी म्हणून कुरकुरली. माझा मुलगाही त्यात होता. मी त्याला बाजारातून बांगडे आणून घातले. दोघी-तिघी माझ्या नावाने बोटं मोडत होत्या, पण मला त्यांनी परत बरोबर घेतलं होतं. अट होती, निकाल अजून लागायचा होता.

पलीकडची होडी एकदाच आली. कप्तानांनी पहाटे जावेला फोन केला. जाऊ काठावर उभी राहून जे बोलली ते मी लिहू शकत नाही. होडी दगडांच्या अलीकडेच वळली. कप्तान नंतर मला म्हणाले, समुद्रावर असा आवाज असलेला एक माणूस त्यांना नेहमी हवा होता.

मग पाऊस लागला. खाडीला लाल पाणी आलं, झाडं वाहत आली, पावसाळ्यात कोणी उतरत नाही. मी काळजी करत बसणारी बाई नाही. तरी गणपतीत एकदा काठापर्यंत जाऊन आले आणि त्या लाल पाण्याकडे बघून परतले. एवढा गाळ वर बसला तर काय, हे तिसऱ्यांना विचारता येत नव्हतं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सगळ्या उतरलो. संस्थेचे तिघं काठावर उभे होते. जावेने त्यांना तिथेच थांबायला सांगितलं होतं, पायांनी गढूळ करतील म्हणून. दगडांपाशी ती थांबली आणि मला म्हणाली, "उतर. आधी तू."

मी दगड ओलांडून आत गेले. अंगठ्याने चाचपलं. नुसता मऊ गाळ, पावसाने आणून टाकलेला. चार पावलं पुढे, तेच. अजून पुढे गेले. मागे आठ जणी गप्प. ह्या आठ जणी एका वेळी गप्प असलेल्या मी पूर्वी बघितल्या नव्हत्या. मला वाटलं, झालं. आता उरलेली वर्षं ह्या वाटेने एकटीच.

मग मी वाकले आणि हातच घातला. मनगटापर्यंत गाळ. त्याखाली घालत गेले, कोपराच्या जरा अलीकडे बोटांना खरखरीत लागलं. मूठ भरून वर काढली, पाण्यात हिसळली. सात-आठ होत्या. दोन बारीक. बाकीच्या सुपारीएवढ्या नाहीत, खोटं कशाला लिहू, पण सुपारीला जवळ आलेल्या. पुन्हा हात घातला, पुन्हा मूठ भरली.

जाऊ पुढे आली. माझ्या हातातली एक घेतली, स्वतःच्या अंगठ्याशी लावून बघितली, हातात जोखली.

"बरी आहे," ती म्हणाली.

तिच्या तोंडून बरी म्हणजे पुष्कळ झालं. बाकीच्या पाण्यात शिरल्या आणि एकदम कालवा सुरू झाला. एकीने दोन्ही हातांनी गाळासकट खरवडून पाटीत घेतलं, लहानमोठं सगळं. जाऊ तिच्या पाटीत वाकून बघायला लागली आणि बारीक उचलून परत पाण्यात टाकायला लागली. ती बाई म्हणाली, अगो, माझ्या पाटीतलं टाकतंस? जाऊ म्हणाली, सात महिने मी वाट बघितली ती ह्या पोरांना उचलायला नाय.

काठावर मॅनेजर साहेब फाईल उघडून उभे होते. मी हात वर करून दाखवला, आहेत म्हणून. त्यांनी लिहून घेतलं.

जाऊ माझ्या शेजारी येऊन चाचपायला लागली. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या शिमग्याला खालची अर्धी सोडू. आणि दगड कुठे टाकायचे ते मी सांगणार. तुझे डोळे गेलेत, वैनी."

मी म्हटलं, टाक. पाणी फिरायला अर्धा तास राहिला होता आणि माझी पाटी अजून निम्मीसुद्धा भरली नव्हती.